आली नाही

सात वर्षांचा होतो.
स्वयंपाकघरात, केटलीच्या बुडाखाली
चिठ्ठी खोचून खेळायला पळालो :
"आली नाही."
अक्षर सुरेख, शेवटी पूर्णविरामसुद्धा.

आईने वाचली
आणि हाताला कणीक तशीच असताना
धक्क्याकडे धावली, चिखलातून, नुसत्या मोज्यांवर.
बाबा पहाटेच लाँच घेऊन गेले होते शिंपल्यांच्या खेपेला,
आणि चिलोएच्या त्या सामुद्रधुनीत
उत्तरेचा वारा सुटला होता.
तासभर ती पाण्याकडे बघत उभी.
शेजारच्या दोघी न बोलता तिच्या बाजूला आल्या,
एकीच्या हातात मेणबत्ती होती, अजून न लावलेली.

लाँच आली. बाबा उतरले, भिजलेले, भुकेले.
आली नव्हती ती पिठाची गोणी.

बेट एवढंसं. सकाळपर्यंत शाळेला कळलं होतं.
एदुविनाबाई रागावल्या नाहीत.
शेगडीत लाकूड सारलं, हात झटकले,
माझे दोन शब्द फळ्यावर लिहिले
आणि चौदा मुलांना विचारलं, "कोण?"

गाय! बोट! झोप!
ऑस्करची शिंक!
आम्ही बाकांवर लोळून हसत होतो.
मग रेमिहिओ म्हणाला, "माझी आई."

बाईंनी खडू खाली ठेवला.
त्याच्या शेजारी, त्या बुटक्या बाकावर, कशाबशा मावल्या.
"लिही," म्हणाल्या. "सगळं लिही.
चिठ्ठी वाचली जाते तेव्हा आपण तिथे नसतो रे.
वाचणाऱ्याने विचारायचं कुणाला?"

त्याने पेन्सिल दोनदा तोडली. पण लिहिलं :
"माझी आई पुन्ता अरेनासला मासळीच्या कारखान्यात गेली.
ती नाताळला येणार होती.
ती आली नाही."

तेच माझे दोन शब्द, शेवटी.
या वेळी कुणी हसलं नाही,
कुणी "कोण?" विचारलं नाही.
तो कागद त्याने आईला पाठवला का,
मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं.

आता मी बंदराच्या कचेरीत असतो.
वरून आलेला मसुदा असतो :
"अपरिहार्य कारणास्तव सेवा तूर्त स्थगित करण्यात येत आहे."
कोण करतंय? कसलं कारण? तूर्त म्हणजे किती वाजेपर्यंत?
साहेबांचं हे वाक्य
एदुविनाबाईंच्या दुसरीतून पुढे गेलं नसतं.

मी ते खोडतो. खडूने लिहितो :
"दुपारी दोनची लाँच येणार नाही.
समुद्र खवळला आहे.
लाँच उद्या सकाळी सातला येईल."

एक म्हातारी येते, ओठ हलवत वाचते,
बटाट्यांची टोपली पुन्हा काखेत घेते
आणि घरी जाते.
माझ्या खिडकीवर टकटक करत नाही.