काट्याचं वजन

मिनाज म्हणाली, चाचा, आधी नाव घ्यावं लागतं.
डोमेन म्हणतात त्याला.
'शिकलगार काटेवाले, वखारभाग, सांगली'
एवढं लांब नको. मधे जागा सोडायची नाही,
शेवटी टिंब, मग इन.
शिकलगारमध्ये ए किती घालायचे
यात चहा गार झाला.
दोन ए-चं नाव कुणीतरी आधीच धरलेलं.

विकत का? नाही, वर्षाच्या बोलीवर.
तारीख चुकली की नाव मोकळं, कुणीही उचलावं.
हे मात्र लगेच कळलं मला:
वजनमापवाल्यांचा शिक्का. मुदत टळली
की खरा काटाही खोटा.

होस्टिंग म्हणजे गाळ्याचं भाडं.
गाळा कुठाय? सिंगापुरात.
पाणी कुठवर येतं तिथं?
ती हसली नाही. तीही सांगलीचीच.
एक नक्कल दुसरीकडं ठेवते म्हणाली, बॅकअप.
एकोणीसच्या पुरात आमच्या वजनांची
नक्कल कुठंच नव्हती. गाळ चाळून काढली,
पाच-पाच ग्रॅमची अजून सापडतात.

रात्री मोबाईलवर साइट उघडली.
उघडेचना. नुसतं गोल फिरत राहिलं.
फोटो जड झालेत, चाचा.
अब्बांच्या पितळी तराजूचा एकटाच नऊ एमबी.
किलोत सांग.
किलोबाइटमध्ये? नऊ हजार.

नऊ हजार!
आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या पेढीवर
काटा शून्यावर आणत फिरलो.

तिनं दाबून दाबून दोनशेवर आणला.
पितळेची चमक गेली, साखळ्या पुसट झाल्या.
चष्मा लावून मी फक्त सुई पाहिली.
मधोमध होती.