डॉल्फिनचं डावं दार

देवळाली कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरांनी
कवळीच्या भावात दिली मला,
फायबरची, दोन दारांची, दुधी रंगाची.
म्हणाले, "निकुंभ, पत्रा नाही, गंजायची नाही."
खरं होतं. गंजली नाही.
तडकली.

बत्तीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये
मी केसाच्या दहाव्या भागापर्यंत मापं घेतली
आणि घरी आणली ही,
जिचं डावं दार उजव्याहून बोटभर वर,
कंपनीतूनच.
कुमुदिनी म्हणाली,
गोदावरीत डॉल्फिन कधी ऐकली नव्हती.
आणि बसली पुढे,
वणीच्या घाटापर्यंत पाय आखडून.

पार्ट मिळत नव्हते, म्हणून केले.
बुश केले, पिना केल्या,
पाण्याच्या पंपाचा पंखा अंबडला ओतून घेतला,
इंजिनाखालचं रबर
भद्रकालीतल्या चप्पलवाल्याने कापून दिलं,
पैसे घेतले एका जोडाचे.
आता तिच्यात कंपनीचं किती, माझं किती
हे कुणी विचारू नये.

मग जुन्या गाड्यांचे दिवस आले.
पुण्याहून एक जण आला, पांढरे बूट,
बॅटरी मारून खालून पाहिली,
चहा अर्धा ठेवला.
"रेअर आहे काका, फारच रेअर.
पण मागणी नाही."
म्हणजे कसं?
"कमी असण्याला किंमत नसते हो.
कमी पडण्याला असते."

हे मी आठवडाभर चघळलं.
डावा आटा हाताने काढणारा
आमच्या लाइनीत मी एकटाच उरलोय.
मी कुणाला कमी पडलेलो नाही.

श्रावणात सांगलीहून चौगुले आले,
रात्रभर एसटीत बसून, कडेवर पिशवी,
पिशवीत दाराची कडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"माझ्याकडंबी हाय एक. दुधीच.
डावं दार ट्रकनं नेलं."
हात पाठीमागे बांधून फिरले तिच्याभोवती,
जसं दवाखान्यात आपण
दुसऱ्याच्या माणसाच्या खाटेभोवती फिरतो.
मग म्हणाले, "दीड लाख देतो.
तुमची उघडली की माझी पुरी होईल.
मग अख्खी अशी एकच ऱ्हाईल."

एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदा भाव आला,
तोही मोडायचा.

म्हटलं, चौगुले, गणित बरोबर आहे.
तुमची मोडू या.
ते हसले नाहीत. कडी पुन्हा गुंडाळायला लागले,
आणि गुंडाळता गुंडाळता, खाली बघत,
"तिसरा गिअर... तुमचाबी सुटतो?"
चढावर.
"मग?"
गुडघ्याने धरायचा.
"डाव्या?"
डाव्या.
ते बसलेच खुर्चीत.
कुमुदिनीने न विचारता भात वाढवून टाकला.

दार दिलं नाही. दाराचा साचा दिला.
पाच रविवार गेले,
मेण, प्लास्टर, रेझिनचा वास,
वरच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार,
चौगुल्यांचा भाचा टेम्पो घेऊन आला, गेला.
प्लास्टरचा साचा पार्किंगमध्ये उभा आहे अजून.
वॉचमन विचारतो, फेकू का?
एकच दार हवं होतं, खरं आहे.
साचा कसा एकाच दाराचा करणार?

पुणेकराला कळलं कुठून तरी. फोन आला.
"दोन्ही चालू झाल्या? अरेरे, काका."

आणि काल रात्री अकराला सांगलीहून.
"बसलं दार."
बरं झालं.
"बोटभर वर हाय."
मी म्हटलं, असंच असतं.