तिसऱ्या सॅक्सोफोनचं पान

ओमेर व्हरहाख काठी वापरत नसे.
उजव्या हाताची दोनच बोटं हलवायचा, त्यातलं एक अर्धं.
उरलेलं अर्धं गेंटच्या गिरणीत, जवसाच्या सुतात अडकलं,
तेव्हा तो बारा वर्षांचा होता.
"तेवढंच कमी मोजावं लागतं," म्हणायचा.

मी त्याच्या बँडची पानं उतरवायचे.
चौदा वादक, चौदा पानं, एका रात्रीत,
नवऱ्याच्या बेकरीमागच्या खोलीत.
पहाटे शाई वाळवायला भट्टीची ऊब.
ट्रंपेटवाले म्हणत, तुझ्या सुरांना पावाचा वास येतो, गोदेलीव.

अडतीसच्या उन्हाळ्यात ओस्टेंडला, कॅसिनोच्या गच्चीवर,
भाड्याचे पांढरे कोट, बाह्या आखूड.
समुद्राकडून वारा सुटला की पानं उडायची
आणि ओमेर, प्रेक्षकांकडे हसत, वळूनही न बघता,
टाचेनं ठेका धरून सगळ्यांना घरी आणायचा.
लोक नाचत. आम्हांला वाटे, जग असंच असतं.

मग ते आले. इंग्रजी नावं बंद झाली.
त्याच चालींवर आम्ही नवी नावं चिकटवली:
'सोमवारचं वाटाण्याचं सूप', 'आत्याची सायकल'.
अधिकारी बूट आपटून दाद देत.
ओमेर कमरेत वाकायचा.
हे मी पाहिलंय, लपवत नाही.

बेचाळीसच्या ऑगस्टात झेलिक तालमीला आला नाही.
तिसरा सॅक्सोफोन. अँटवर्पला आईकडे गेला होता.
दुसरा कुणी घे, हॉटेलवाला म्हणाला.
ओमेर मला म्हणाला, त्याचं पान उतरवत राहा.
उतरवलं. दर आठवड्याला. कुणी वाजवलं नाही.
प्रत्येक स्वरमेळात एक दात पडलेला.
ऐकणाऱ्यांना कळलं नाही,
आमची जीभ मात्र सारखी तिथेच जायची.

नंतर चौकशी. लांब टेबल, गार चहा.
"त्यांच्यासाठी वाजवलंत?"
"वाजवलं."
"आणखी काही सांगायचंय?"
तो टोपीची कड चाचपत राहिला.
पानांची पेटी माझ्या मांडीवर होती.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही
आणि मीही उठले नाही.

दोन वर्षं रंगमंच बंद. दोनाची वीस झाली.
रेडिओ दुरुस्तीचं दुकान, खिडकीत मेलेल्या माश्या.
नाचाची धून लागली की आवाज कमी करायचा,
बंद नाही.

गेल्या गुरुवारी त्याला पुरलं.
गिरणीचा ब्रासबँड आला होता: सहा म्हातारे, तीन पट्ट्यांत.
दुसऱ्याच मात्रेला थांबवलं असतं त्यानं.
मी वाट पाहिली.