मगदुमांची एक मात्रा

सांगलीतल्या हळदपेठेत
मगदुम भूपा काट्याला;
हळद संपली, तेव्हा त्याच्या
शब्दच आले वाट्याला.

तासगावचा टेंपो आला,
पोती भरुनी यमक सुके;
त्यांच्यामध्ये एक फुकट अन्
एक चोरटे, एक मुके.

हळकुंड कुंड, कुंड हळकुंड,
तोल भुपाल्या, तोल पुन्हा!
मात्रा एकच कमी निघाली,
यात कुणाचा काय गुन्हा?

आयर्विनच्या पुलावरूनी
बगळा आला घासाला;
चोचीमध्ये धरून मासा
भाव विचारी माशाला.

"'सा'ला 'शा' का?" भूपा भडके,
"अर्धे यमक नि निम्मे दर!
बगळ्या, आधी पाय पूस, मग
एका चरणावर ये वर."

मिरजेहुन ये भोपळा एक,
तंबोऱ्याचा चुलत भाउ;
आठ-आठ अन् आठ-सहाचे
गणित म्हणाला, "चला, खाउ!"

आठ वाजता 'आठ' म्हणाला,
आठ संपता म्हणे 'सहा';
उरल्या मात्रा दोन, नि त्यांचा
त्याने केला कडक चहा.

ईराप्पाच्या पाठीवरती
'आणिक', 'परंतु', 'म्हणून', 'की';
"उतरव" म्हणता उतरत नाही:
"वाक्य केवढे ते बाकी!"

भडंगवाली सुगलाबाई
एकच विकते शब्द सदा:
'पुन्हा' म्हणाली, 'पुन्हा' म्हणाली,
'पुन्हा' म्हणाली शंभरदा.

शंभर वेळा म्हटला तेव्हा
शब्द तडकला, फुलला, खा!
मिठात थोडी लसूण घालुन
'न्हा' वेगळा नि 'पु' पोरका.

हळकुंड कुंड, कुंड हळकुंड,
तोल भुपाल्या, तोल पुन्हा!
काटा म्हणतो, "मला तोलुनी
ठेवा कोणी कधी उन्हा."

मग भूपाने नाव आपुले
ठेवुन बघता काट्यावर,
मिरज, कुपवाड, बुधगाव, विटा…
जोडीदार न तोळाभर.

'रूम' म्हणाली, "भाडे पडते,"
'धूम' म्हणाली, "पळते मी!"
एकच मात्रा, एकच मात्रा
मगदुमसाठी पडे कमी.

'दू'ला कापुन 'दु' केला कुणी?
बघती माझ्या खिशाकडे.
खिशात होती. काय करू मी?
वृत्त भुकेले, वृत्त रडे!

परत दिली मी. तोला आता:
भूपाल मगदूम! भूपाल मगदूम!
ओळ लांबली, काटा कलला,
ईराप्पानं 'की' खाली ठेवली,
आणि बगळ्यानं, इतक्या वेळानं,
दुसरा पाय टेकला.