रकाना चौथा

खेडच्या वर, गाडीरस्ता संपल्यावर दोन तास चढ.
धनगरवाड्यावर सात घरं, पैकी तीन उघडी.
मी नियम वाचून दाखवला:
नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.
तोवर ठकूबाई झोरे ताकाचा पेला घेऊन उभी.
दोघी प्यायलो. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

पाठ फिरवून, पदराआड
थुंकली ती नळीत.

रकाना चौथा: मूळ ठिकाण?
म्हणाली, म्हशी घाट उतरल्या,
त्यांच्या मागनं आमी.
कुठल्या घाटानं?
आता म्हशींना कोन इचारनार.

खाली धुक्याच्या फटीतून जगबुडी दिसत होती, दोऱ्याएवढी.
मी समजावलं, या थेंबात हजारो वर्षांची वाट असते,
कोण कुठून आलं, वाटेत कुणात मिसळलं,
सगळं.

नळीकडे ती बराच वेळ बघत राहिली.
‘माझा बिरू,’ म्हणाली,
‘लोट्याच्या कंपनीत जातो म्हनून उतरला, नऊ वर्सं झाली.
त्यो कुठवर गेलाय, ते दिसंल का यात?’

मी बूच घट्ट केलं. चिठ्ठीवर लिहिलं:
एक्केचाळीस. स्त्री. वय अंदाजे सत्तर.
डब्यात ठेवताना
नळी अजून कोमट होती.