फुटामागं एक सूत

पर्थ ते टोरांटो : अठरा हजार एकशे तीस किलोमीटर.
फोनला विचारलं, त्यानं लगेच सांगितलं.
सरळ विमान नाही.
दोनदा उतरा, दोनदा चढा, तीसेक तास धरा.

उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न करतोय मी, सागवानात.
दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर लाकूड कापत नाही.
सम्मेदचा आठवीतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला,
ओळंब्याचा दोरा सोडवला,
एक टोक पर्थवर, सम्मेदपाशी,
दुसरं टोरांटोत, त्रिशलाच्या दारात,
आणि ताणला.
दोरा न्यू गिनीवरून गेला,
अख्खा प्रशांत महासागर तिरका कापला,
अलास्काच्या खालून निघाला.
आपल्या गावाकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग कोल्हापूर शोधलं. गोलावर नाहीच.
मुंबईच्या खाली नखभर अंतरावर,
मशिनिंगची जागा दाखवतो त्या तांबड्या रंगानं
टिंब दिलं.
दोरा चिमटीत धरून टिंबावरून ओढला.
दोन बोटं कमी पडला.

दोन बोटं.
आनंद झाला की लोकांना स्वर्ग तेवढाच उरतो म्हणे.

वीस हजारांच्या पुढं पृथ्वीवर लांब जाताच येत नाही.
आणखी एक पाऊल टाकलं
की माणूस पलीकडून जवळ यायला लागतो.
ह्या दोघांनी अबोल्याला जागा बरोबर हेरल्या,
त्या हद्दीच्या जरा अलीकडं.

भांडण लेथ विकण्यावरून. तसं लेथवरूनही नव्हे.
सुलोचना गेली तेव्हा दोघं आली,
एकाच पंगतीला बसली,
‘पप्पा, तिला मीठ पाहिजे का विचारा.’
‘पप्पा, त्याला नको म्हणून सांगा.’
आणि उजळाईवाडीवरून
दोन दिवसांच्या अंतरानं उडाली.

उन्हाळ्यात तिच्याकडं सकाळचे सात वाजतात
तेव्हा त्याच्याकडं संध्याकाळचे सात.
काटे एकाच जागी, अगदी एकाच.
माझ्याकडं साडेचार.
पोऱ्या चहा घेऊन येतो.

त्या पोऱ्याला काल पट्टी शिकवत होतो.
म्हटलं, आपल्या पट्टीवरचा फूट
बाजारातल्या फुटापेक्षा मोठा असतोय बघ.
बीड गार होताना आटतं,
म्हणून फुटामागं एक सूत जादा सोडायचं.
त्यानं विचारलं, आणि नाही सोडलं तर?
म्हटलं, तर गार झाल्यावर
तो जॉब कशातच बसत नाही.
एवढं बोललो
आणि रंधा हातातच राहिला.
चहावर साय धरली.

आज नवा दोरा तोडला.
पर्थपासून, तांबड्या टिंबावरून, टोरांटोपर्यंत,
वर आणखी चार बोटं ढिला.
पोऱ्या म्हणाला, मिस्त्री, एवढा कशाला?

आटतंय रे, म्हटलं.
धर ते टोक.