फुगवट्यावर मोजणी

समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीएवढा लांब,
तरी ढोरकीनच्या पुढं वळलं
की माणसं विचारतात, "सागरावर चाललात का?"
नाथसागर. भरती पावसाच्या मर्जीवर,
ओहोटी एकच, दिवाळीपासून मेपर्यंत,
कालव्याच्या पाळ्या मोजत उतरणारी.

उघड्या पडलेल्या गाळपेरात हरभरा गुडघाभर.
त्याच्या कडेला आम्ही पालथे:
मी, मुनीरसरांची दुर्बीण, डाव्या काचेला तडा,
आणि गंगाराम लिंबोरे, ज्यांना दुर्बीण लागत नाही.

थंडीनं पेन उठत नाही.
धुक्यातून आधी आवाज येतो चक्रवाकांचा,
जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा,
मग रंग, ओल्या विटांचा.
लिहिते: चौसष्ट.
"अडुसष्ट," लिंबोरे म्हणतात,
"चार झोपलेत. मान पंखात हाय."

थापट्या बदकं पाणी चाळतात
डोकं वर न करता, पाहुणे दारात आल्यासारखी घाई.
हळदीकुंकू बदकाच्या चोचीला
टोकाशी खरंच हळद, बुडाशी कुंकू.
हे नाव जिनं ठेवलं असेल
तिनं धुणं थांबवून,
ओल्या हातानं ऊन अडवून पाहिलं असेल.

तलवार बदकं हजारभर तरी.
वीस-वीसचे गठ्ठे बांधत सातशेवर पोचते
आणि वरून भोवत्या येतो.
सगळ्या पाण्याचं एक टोक धरून
कुणी गोधडी झटकावी तसं.
मग नुसतं पाणी, हलत.

"आता?"
"आता काय? सातशे तर होते की.
बाकीचे आपलं काय देणं लागायलेत?"
बिडी पेटवून ते बोट करतात.
"त्या टिबुकल्या बुडायलेत नव्हं,
तिथं आमचा आड होता.
जाळं अडकतंय. म्हणून टाकीत न्हाई."
टिबुकली बुडते. बराच वेळ वर येत नाही.
येते ती भलतीकडंच.

दुपारी भाकरी, लसणाची चटणी.
गाळात माझ्या बुटांचे खड्डे,
शेजारून शेकाट्याची पावलं,
पेन्सिलीनं करून पाहिलेली बेरीज.

सर गेल्यावरची ही तिसरी मोजणी.
त्यांच्या जुन्या तक्त्यांत शेरा हा रकाना
कधीच रिकामा नाही: वारा, ढग, पंप चालू, बंद.
मी सातशेपुढं अधिकचं चिन्ह काढते,
चौसष्ट खोडते,
आणि शेऱ्यात लिहिते:
चार झोपलेले होते.